छेदाचा प्रश्न : मधुमेही उंदरांतील अवयववृद्धीचे मोजमाप

‘वाढ’ हा शब्द व्यवहारात जितका सुबोध, तितकाच शास्त्रात फसवा आहे. मूल वाढले, पीक वाढले, कर्ज वाढले असे आपण सहज म्हणून जातो. कशाच्या मानाने वाढले हे बोलणाऱ्याने सांगितले नाही, तरी ऐकणारा ते मनातल्या मनात भरून घेतो. शास्त्राला ही मुभा नाही. तेथे ‘अवयव वाढला’ असे विधान करणाऱ्याला लागलीच तीन प्रश्नांना तोंड द्यावे लागते : कशाच्या मानाने वाढला, त्याच्यातले नेमके काय वाढले, आणि ही वाढ रोगाची खूण आहे की रोगाला शरीराने दिलेले उत्तर? मधुमेहाच्या संशोधनात हे तीन प्रश्न रोजचे आहेत, आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा वीसपंचवीस ग्रॅम वजनाच्या एका उंदराच्या देहात शोधावी लागतात. ह्या मोजमापाची पद्धती, तिच्यातील खाचखळगे आणि त्यांतून निघालेल्या वाटा ह्यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा आमचा हेतू आहे. विषय वैद्यकाचा असला, तरी त्याचा गाभा अंकगणिताचा आणि तर्काचा आहे; म्हणून तो शिक्षकवर्गाला परका वाटू नये.

मराठीत ‘छेद’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. अपूर्णांकातील रेषेखालची संख्या हा एक छेद, आणि वस्तू कापली असता जो पृष्ठभाग उघडा पडतो तो दुसरा. योगायोग असा की, अवयववृद्धीच्या मोजमापातील बहुतेक प्रमाद ह्या दोन छेदांपैकी एकाशी निगडित असतात. म्हणून विवेचनाची मांडणीही आम्ही त्याच क्रमाने केली आहे.

प्रयोगशाळेतील उंदीर

आरंभी एक भाषिक खुलासा करणे इष्ट होईल. मराठीत ‘उंदीर’ ह्या एका शब्दात दोन प्राणी सामावतात : वीसतीस ग्रॅम वजनाचा लहान उंदीर, आणि त्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक वजनाचा मोठा उंदीर. जीवशास्त्राच्या दृष्टीने ह्या दोन भिन्न जाती होत. ह्या लेखात नुसते ‘उंदीर’ म्हटले असेल तेथे लहान उंदीर समजावा. मोठ्या उंदराचा उल्लेख आम्ही तसा स्पष्ट केला आहे.

मधुमेहाचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला तो कुत्र्यापासून. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिन्कोव्हस्की ह्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला मधुमेह जडतो असे दाखविले. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांना इन्शुलिन गवसले तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. पुढे शस्त्रक्रियेवाचून मधुमेह उत्पन्न करण्याचे उपाय सापडले. अलॉक्सन नावाचे द्रव्य टोचले असता सशाच्या स्वादुपिंडातील लँगरहॅन्सची द्वीपके, म्हणजे इन्शुलिन निर्माण करणारी पेशींची बेटे, नष्ट होतात असे १९४३ साली आढळले. १९६३ साली स्ट्रेप्टोझोटोसिन ह्या द्रव्याचा तोच गुण लक्षात आला. हे द्रव्य मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळते. उंदरांना मधुमेही करण्यासाठी आज प्रामुख्याने त्याचाच वापर होतो.

दुसरी वाट निसर्गाने दाखविली. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथील उंदरांच्या वसाहतीत १९४९ साली काही पिले बेसुमार लठ्ठ निघाली. हा दोष आनुवंशिक होता, आणि त्या वाणाला ‘ओबी’ हे नाव मिळाले. १९६६ साली त्याच संस्थेतून ‘डीबी’ वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा उंदीर लठ्ठ तर होतोच, शिवाय त्याला तीव्र मधुमेहही होतो. १९९४ साली लेप्टिन ह्या संप्रेरकाचा शोध लागल्यावर दोहोंचे रहस्य उलगडले : ओबी उंदरात कार्यक्षम लेप्टिन तयारच होत नाही, आणि डीबी उंदरात लेप्टिनला प्रतिसाद देणारा ग्राहक सदोष असतो. जपानने ह्या मालिकेत आणखी भर घातली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच द्वीपकांवर उलटते असा एक वाण तेथे १९८० साली वर्णिला गेला, आणि ज्यात इन्शुलिनचा रेणू नीट घडतच नाही असा ‘अकिता’ वाण १९९७ साली उजेडात आला.

ही वंशावळ देण्याचे कारण आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही झालेला उंदीर सुकत जातो, आणि डीबी उंदीर फुगत जातो. रोगाचे नाव एक, पण देहाचे वजन परस्परविरुद्ध दिशांनी चालते. मोजमापाचा सारा घोळ येथून सुरू होतो.

वाढणारे अवयव

मधुमेहात वाढणाऱ्या अवयवांमध्ये मूत्रपिंडाचा मान पहिला. रक्तातील शर्करा प्रमाणाबाहेर गेली की ती मूत्रपिंडातील केशिकांच्या गुच्छांतून गाळली जाऊन नलिकांत उतरते. गुच्छाला लागून असलेल्या नलिकेच्या पहिल्या भागाचे काम ही शर्करा परत रक्तात ओढून घेण्याचे. काम वाढले की कामगारही वाढतो, ह्या न्यायाने त्या नलिकेच्या पेशी पुष्ट होतात. आणि मूत्रपिंडाच्या आकारमानाचा मोठा वाटा ह्या नलिकांचाच असल्यामुळे संपूर्ण अवयव थोराड दिसू लागतो. ही वाढ किती त्वरेने होते ह्याची कल्पना डेन्मार्कमधील झायर-हान्सेन ह्यांच्या १९७६ सालच्या प्रयोगावरून येईल. त्यांनी मोठ्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केले, तेव्हा तीनच दिवसांत मूत्रपिंडाचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले.

यकृताची कथा निराळी. ओबी आणि डीबी उंदरांचे यकृत मोठे, फिकट आणि चरबीने भरलेले असते. उलट १९३० साली फ्रान्समधील मोरियाक ह्यांनी मधुमेही मुलांमध्ये ज्या थोराड यकृताचे वर्णन केले, त्यात मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे साठविलेली शर्करा, साचलेली असते. बाहेरून पाहता दोन्हीकडे यकृत ‘वाढलेले’च, आत साठलेला माल मात्र भिन्न. आतड्याचे आणखी तिसरेच. मधुमेही प्राणी अधाशासारखा खातो, आणि त्या वाढत्या अन्नाला पुरे पडण्यासाठी आतडे वाढते. स्वादुपिंडातील द्वीपकांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहावयाचे आहे.

वाढ एकाच नावाची असली, तरी तिची कारणे आणि घटक अवयवागणिक बदलतात, हे येथवरच्या माहितीवरून ध्यानी यावे. मग ती मोजावयाची कशी?

पहिला छेद : कशाने भागावे?

सर्वांत सरळ उपाय म्हणजे अवयव काढून तराजूत घालणे. परंतु मोठ्या प्राण्याचे अवयव मोठेच असणार. म्हणून अवयवाच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागून गुणोत्तर काढण्याचा प्रघात पडला. दर ग्रॅम देहामागे इतके मिलिग्रॅम मूत्रपिंड, अशी ती भाषा असते. हा प्रघात इतका रुळला की, भागाकार करणे म्हणजेच न्याय करणे, अशी समजूत होऊन बसली.

ही समजूत कोठे दगा देते ते एका उदाहरणाने पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. समजा, एका निरोगी उंदराचे वजन २८ ग्रॅम आणि त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन ३४० मिलिग्रॅम आहे. गुणोत्तर येते दर ग्रॅमला १२.१ मिलिग्रॅम. दुसरा उंदीर स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही झाला आणि सुकून २२ ग्रॅमवर आला; त्याची मूत्रपिंडे मात्र ३४० मिलिग्रॅमचीच राहिली. गुणोत्तर झाले १५.५. म्हणजे मूत्रपिंडात एका कणाची भर न पडता ते सव्वापटीहून थोडे अधिक ‘वाढले’! आता तिसरा उंदीर डीबी वाणाचा घ्या. त्याचे वजन ५० ग्रॅम, मूत्रपिंडे ४२० मिलिग्रॅमची. येथे मूत्रपिंड खरोखर सुमारे २४ टक्क्यांनी मोठे आहे. पण गुणोत्तर उतरले ८.४ वर, म्हणजे निरोग्याच्या सत्तर टक्क्यांवर. कागदावर दिसते ते असे की, न वाढलेले मूत्रपिंड वाढले आणि वाढलेले आक्रसले. अंश खरा असूनही छेदाने उत्तर उलटे केले.

ही शंका नवी नाही. कार्ल पिअर्सन ह्यांनी १८९७ साली दाखवून दिले होते की, परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन राशींना एकाच तिसऱ्या राशीने भागले, तर त्या भागाकारांमध्ये आभासी संबंध उत्पन्न होतो. १९४९ साली टॅनर ह्यांनी शरीराच्या वजनाने वा पृष्ठफळाने भागून मानके ठरविण्याच्या वैद्यकातील रूढीवर ह्याच मुद्द्याच्या आधारे टीका केली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : अवयवाचे वजन आणि देहाचे वजन ह्यांचा आलेख काढला असता येणारी रेषा शून्यबिंदूतून जात असेल, तरच नुसता भागाकार न्याय्य ठरतो, आणि शरीरात अशी रेषा क्वचितच आढळते. देह निम्मा झाला म्हणून हृदय निम्मे होत नाही, आणि देहावर चरबीचा थर चढला म्हणून त्या प्रमाणात मूत्रपिंड वाढत नाही.

मग छेद कोणता घ्यावा? ज्या राशीवर रोगाचा परिणाम होत नाही, पण जी प्राण्याच्या मूळ चणीची साक्ष देते, अशी राशी हवी. अमेरिकेतील यिन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८२ साली ह्यावर एक साधा तोडगा सुचविला : नडगीच्या हाडाची लांबी. त्यांचा मूळ प्रश्न म्हाताऱ्या होत जाणाऱ्या मोठ्या उंदरांच्या हृदयासंबंधीचा होता. उतारवयात देहाचे वजन घटते, आणि हृदय न वाढताच हृदय-देह गुणोत्तर फुगते. हाडाची लांबी मात्र वाढ पुरी झाल्यावर वजनाबरोबर वरखाली होत नाही. वरील उदाहरणातील तिन्ही उंदरांची नडगी १७.५ मिलिमीटर धरली, तर दर मिलिमीटरला पहिल्याचे १९.४, दुसऱ्याचे १९.४ आणि तिसऱ्याचे २४ मिलिग्रॅम मूत्रपिंड येते. जे वाढले ते वाढलेले दिसते, आणि जे जैसे थे राहिले ते तसेच दिसते.

तथापि नडगी हाही रामबाण उपाय नव्हे. उंदीर वाढीच्या वयात असताना मधुमेह जडला, तर हाडांची वाढही खुंटते. मग छेदच आखूड होऊन पुन्हा तोच आभास निर्माण होतो. कोणी मेंदूच्या वजनाने भागतात, कारण उपासमारीतही प्रौढ प्राण्याचा मेंदू फारसा घटत नाही; पण ओबी व डीबी उंदरांचा मेंदू निरोगी भावंडांच्या मेंदूहून किंचित लहान असतो, हे लक्षात ठेवावे लागते. कोणी भागाकार टाळून आलेखाचाच आश्रय घेतात : निरनिराळ्या वजनांच्या निरोगी उंदरांची रेषा आखावी, आणि मधुमेही उंदीर तिच्या वर पडतात की खाली ते पाहावे. ही रीत अधिक प्रामाणिक खरी. परंतु दोन गटांची वजने एकमेकांत मिसळतच नसतील, तर जेथे एकही निरोगी उंदीर नाही अशा प्रदेशात रेषा ओढत न्यावी लागते. ह्यास्तव जाणते संशोधक अवयवाचे निव्वळ वजन, देहाचे वजन आणि नडगीची लांबी ही तिन्ही मूळ स्वरूपात मांडतात, आणि वाचकाला भागाकार स्वतः करून पाहण्याची सोय ठेवतात. आमच्या मते सर्व उपायांत हा उपाय अधिक महत्त्वाचा आहे.

अंशाचीही परीक्षा

छेदाचा बंदोबस्त झाला म्हणजे अंश निर्दोष झाला असे नव्हे. उंदराचे एक मूत्रपिंड साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम भरते. पाण्याचा एक थेंब सुमारे पन्नास मिलिग्रॅमचा असतो. अवयव टिपकागदावर कसा टिपला, भोवतीची चरबी किती काळजीने सोलली, त्यातील रक्त निथळू दिले की नाही, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत अख्खा ‘निष्कर्ष’ दडून बसू शकतो. म्हणून शंका असेल तेथे अवयव वाळवून कोरडे वजनही घेतात. ओले वजन वाढले पण कोरडे वाढले नाही, तर वाढ पाण्याची आहे असे समजावे. यकृताच्या बाबतीत वेळेचाही विचार करावा लागतो. उंदीर रात्री खातो, आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचे यकृत भरल्या पोटीच्या यकृताहून लक्षणीय हलके भरते. एक गट सकाळी आणि दुसरा संध्याकाळी तोलला, तर जो फरक दिसेल तो मधुमेहाचा नसून घड्याळाचा असेल.

जिवंत उंदरातच अवयवाचे आकारमान मोजण्याची सोय आता झाली आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी किंवा चुंबकीय अनुस्पंदनाच्या चित्रणाने मूत्रपिंडाची लांबी, रुंदी आणि जाडी मिळते. तो लंबगोल आहे असे धरून घनफळ काढता येते. ह्याचा मोठा लाभ असा की, तोच प्राणी आठवड्यामागून आठवडे पाहता येतो. परंतु येथे घनाचा नियम आडवा येतो. तिन्ही मापांत प्रत्येकी ५ टक्के चूक झाली, तर घनफळात ती सुमारे १६ टक्क्यांची होते. आणि वर सांगितलेली तीन दिवसांतील सारी वाढ तर १५ टक्क्यांचीच होती! नजरेला न जाणवणारा लांबीतला फरक घनफळात ठळक होतो, आणि हाताची चूकही त्याच न्यायाने ठळक होते. ह्यामुळे केवळ तीन मापांवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ समांतर चित्रांतून घनफळ काढणे अधिक भरवशाचे ठरते. ही रीत आपणांस दुसऱ्या छेदाकडे घेऊन जाते.

दुसरा छेद : कापल्यावर काय दिसते?

काकडीच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या, प्रत्येक चकतीचे क्षेत्रफळ मोजले, त्यांची बेरीज केली आणि तिला जाडीने गुणले, तर काकडीचे घनफळ मिळते. तिचा आकार कसा वेडावाकडा आहे ह्याची चिंता करावी लागत नाही. हे तत्त्व इटालीयन गणिती काव्हालिएरी ह्यांच्या १६३५ सालच्या ग्रंथाशी निगडित आहे. उंदराच्या मूत्रपिंडाला ते लावून पाहू. दर मिलिमीटरला एक ह्याप्रमाणे दहा छेदांची क्षेत्रफळे ४, ११, १७, २१, २४, २४, २२, १९, १४ आणि ७ चौरस मिलिमीटर आली, असे समजा. बेरीज १६३, घनफळ १६३ घन मिलिमीटर. ऊतकाची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक, सुमारे १.०५ धरली, तर वजन १७१ मिलिग्रॅमच्या आसपास येते. तराजू आणि सूक्ष्मदर्शक एकमेकांचे साक्षीदार होतात ते असे. अट एवढीच की, पहिला छेद कोठे घ्यावयाचा हे दैवावर सोपवावे; सोयीची जागा निवडू नये. शिवाय मेणात बसविताना ऊतक बरेच आकसते, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

काव्हालिएरींच्या तत्त्वाने संपूर्ण अवयवाचे घनफळ कळले. त्याच्या आत कोणत्या घटकाचा वाटा किती, हे कळण्यास भूगर्भशास्त्र साहाय्याला आले. १८४७ साली फ्रेंच भूवैज्ञानिक देलेस ह्यांनी असे दाखविले की, खडकाच्या कापलेल्या पृष्ठभागावर एखाद्या खनिजाने जेवढा हिस्सा व्यापला असेल, तेवढाच हिस्सा सरासरीने त्याने खडकाच्या घनफळातही व्यापलेला असतो. मूत्रपिंडाच्या छेदावर नलिकांनी किती जागा व्यापली, यकृताच्या छेदावर चरबीच्या थेंबांनी किती व्यापली, हे मोजताना आजचा संशोधक ह्याच नियमावर उभा असतो.

परंतु सपाट छेदावरून भरीव वस्तूचा अंदाज करताना एक सापळा असतो. बेदाणे घातलेला बेसनाचा लाडू सुरीने कापला, तर मोठा बेदाणा सुरीखाली येण्याचा संभव लहान बेदाण्यापेक्षा अधिक. तसेच, जो बेदाणा कापला गेला तो नेमका मध्यावर कापला गेला असेल असे नाही. म्हणून छेदावर दिसणारा त्याचा व्यास खऱ्या व्यासाहून बहुधा कमी असतो. ह्या कोड्याचे गणित स्वीडनमधील विक्सेल ह्यांनी १९२५ साली मांडले. मूत्रपिंडातील केशिकांचे गुच्छ म्हणजे असेच बेदाणे होत. मधुमेहात ते फुगतात. फुगल्यामुळे छेदावर अधिक संख्येने सापडतात, आणि भोळा निरीक्षक म्हणतो की गुच्छांची संख्या वाढली. वस्तुतः जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांनंतर उंदराच्या मूत्रपिंडात नवे गुच्छ निर्माण होत नाहीत. जी संख्या वाढणे अशक्य, ती वाढलेली दिसली, म्हणजे दोष पद्धतीत आहे हे उघड आहे.

ह्यावरचा उपाय १९८४ साली निघाला. एकमेकांलगतचे दोन पातळ छेद घ्यावे, आणि एकात दिसणारे पण दुसऱ्यात न दिसणारे तेवढेच कण मोजावे. मोठा असो वा लहान, प्रत्येक कणाला शेवट एकदाच असतो. म्हणून मोजणी आकारावर अवलंबून राहत नाही. ‘डायसेक्टर’ नावाची ही रीत ज्या लेखातून प्रसिद्ध झाली, त्याच्या कर्त्याचे नाव डी. सी. स्टेरिओ असे छापले आहे. ते टोपणनाव असून, त्याची रोमन अक्षरे उलटसुलट लावली असता पद्धतीचेच नाव तयार होते!

आता पेशींकडे वळू. अवयव दोन प्रकारांनी वाढू शकतो : आहेत त्याच पेशी मोठ्या होऊन, अथवा पेशींची संख्या वाढून. पहिलीला पेशीपुष्टी आणि दुसरीला पेशीवृद्धी म्हणावे. दोहोंतील भेद ओळखण्याचा एक जुना मार्ग रसायनाचा आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे प्रमाण साधारणतः ठराविक असते. म्हणून अवयवातील एकूण डीएनए वाढले तर पेशी वाढल्या, आणि डीएनए तेवढेच राहून प्रथिन वाढले तर पेशी पुष्ट झाल्या. यकृताला मात्र हा नियम जपून लावावा, कारण त्याच्या पुष्कळ पेशींत डीएनएचा दुप्पट-चौपट साठा असतो. मधुमेही मूत्रपिंडात आरंभीच्या दिवसांत नलिकांच्या पेशी काही प्रमाणात विभागतात, आणि नंतर विभाजन थांबून त्या पुष्ट होत राहतात. तिसऱ्या दिवशी पाहणारा आणि तिसऱ्या महिन्यात पाहणारा ह्यांनी परस्परविरुद्ध साक्ष दिली, तरी दोघेही खरे असू शकतात.

वाढीचा अर्थ

मोजमाप कितीही अचूक झाले, तरी तिसरा प्रश्न उरतोच : ही वाढ चांगली की वाईट? द्वीपकांचे उदाहरण ह्या दृष्टीने मोठे उद्‌बोधक आहे. इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचे एकूण वजन काढण्यासाठी स्वादुपिंडाच्या वजनाला छेदावरील त्या पेशींच्या हिश्श्याने गुणतात. स्वादुपिंड २५० मिलिग्रॅमचे आणि हिस्सा एक टक्का असेल, तर वजन अडीच मिलिग्रॅम. ओबी उंदरात हे वजन अनेक पटींनी वाढते, आणि त्या बळावर तो आपली रक्तशर्करा काही अंशी सांभाळून धरतो. डीबीचा दोष मात्र ज्या वंशात उतरला असेल त्याप्रमाणे निराळे फळ देतो, असे हमेल, कोलमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७२ साली दाखविले. एका वंशात द्वीपके वाढतात आणि वाढलेलीच राहतात. तेथे मधुमेह सौम्य राहतो. दुसऱ्या वंशात ती प्रथम वाढून पुढे खंगतात, आणि उंदीर तीव्र मधुमेहाने मरतो. येथे अवयववृद्धी हा रोग नव्हे, ती रोगाविरुद्धची फळी आहे. अनर्थ ओढवतो तो ही फळी कोसळल्यावर.

मूत्रपिंडाचे तसे नाही. तेथील वाढ आरंभी गरजेपोटी असली, तरी तिच्या पाठोपाठ गाळणीवरील ताण आणि पुढे इजा येते अशी धास्ती असते. हा प्रश्न उंदरापुरता नाही. डेन्मार्कमधील मोगेन्सेन आणि आंडरसेन ह्यांनी १९७३ साली नुकताच मधुमेह जडलेल्या तरुण रुग्णांची क्ष-किरण चित्रे काढून त्यांची मूत्रपिंडे मोठी आणि गाळण्याचा वेग वाढलेला असल्याचे दाखविले. १९७५ साली त्यांनीच इन्शुलिनच्या उपचाराने ह्या दोन्ही गोष्टी ओसरतात असे नोंदविले. मधुमेही माणसाचे मूत्रपिंड वाचवावयाचे, तर ही वाढ रोखावी की तिच्याकडे दुर्लक्ष करावे, हे ठरविताना उंदराची साक्ष निर्णायक ठरू शकते.

ही साक्ष किती बारकाईने ऐकावी लागते, ह्याचा दाखला कॅलिफोर्नियातील फॉल्कर फालोन आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या दोन प्रयोगांत मिळतो. नलिकेत उतरलेली शर्करा परत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन आहे. ते ज्यांच्यात जन्मतःच नाही अशा उंदरांना त्यांनी मधुमेही केले. रक्तशर्करा आणि गाळण्याचा अतिवेग दोन्ही उतरले, पण मूत्रपिंडाची वाढ थांबली नाही, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली त्यांनी अकिता वाणाच्या उंदरांना त्याच वाहकाला अडविणारे औषध दिले. तेथे रक्तशर्करा जितकी उतरली, त्या प्रमाणात मूत्रपिंडाची वाढही कमी झाली. वाहक एकच, परंतु वाण, मधुमेहाचे कारण आणि अडविण्याची रीत निराळी. ह्या वर्गातील औषधे आज लक्षावधी रुग्ण घेतात, आणि मूत्रपिंडाला त्यांचा उपयोग होतो हे २०१९ साली मानवी चाचण्यांतूनही दिसून आले. अशा विषयात कोणी चुकीच्या छेदाने भागून ‘वाढ थांबली’ अथवा ‘वाढ थांबली नाही’ असे जाहीर केले असते, तर त्याचे परिणाम कागदापुरते राहिले नसते.

सामान्यतः असे म्हणता येईल की, मधुमेहावरील कोणतेही परिणामकारक औषध सुकलेल्या उंदराचे वजन भरून काढते. वजन भरले की अवयव-देह गुणोत्तर आपोआप उतरते, आणि औषधाने अवयवाची वाढ रोखली असा भास होतो. श्रेय गुणोत्तराला नव्हे, तर मूळ वजनाला विचारून द्यावे. स्ट्रेप्टोझोटोसिन हे द्रव्य स्वतःच मूत्रपिंडाला अपायकारक असल्याने आणखी एक पथ्य पाळावे लागते : द्रव्य टोचून पुढे इन्शुलिनने शर्करा ताब्यात ठेवलेला एक गट सोबत असावा. त्या गटात वाढ दिसली नाही, तरच ती वाढ मधुमेहाची, विषाची नव्हे, असे म्हणता येते.

ह्याच प्रश्नाचा एक धागा आपल्याकडेही येऊन पोहोचतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत मोठ्या उंदरांचे दोन लठ्ठ वाण निपजले आहेत; त्यांपैकी एकात ग्लुकोज सोसण्याची शक्ती मंदावलेली असते. अशा बोजड देहांच्या प्राण्यांत अवयवांचे वजन देहाच्या वजनाने भागणे किती धोक्याचे, हे वरील विवेचनावरून सहज पटेल.

मोजणाऱ्याचे दायित्व

ह्या विषयाला एक नैतिक बाजू आहे. अवयव तोलावयाचा, तर बहुधा उंदराला मारावे लागते. रसेल आणि बर्च ह्यांनी १९५९ साली आपल्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे सांगितली : शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, संख्या कमी करावी, आणि यातना हलक्या कराव्या. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली. २०१० साली ब्रिटनमधून प्रयोगांचे वृत्त कसे लिहावे ह्याचे नियम प्रसिद्ध झाले; प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटले की नाही, मोजणाऱ्याला गट ठाऊक होता की नाही, आणि प्राण्यांची संख्या कशी ठरविली, हे सांगण्याचा त्यांत आग्रह आहे. ह्या नियमांकडे केवळ कारकुनी म्हणून पाहू नये. ज्याला कोणता उंदीर मधुमेही आहे हे माहीत असते, त्याचा हात टिपकागदावर कळत-नकळत कमीजास्त दाबला जातो. चुकीच्या छेदाने भागलेल्या प्रयोगातील प्रत्येक उंदीर व्यर्थ मेलेला असतो; आणि तोच प्रयोग पुन्हा करावा लागला, तर तितकेच आणखी मरतात.

शिक्षकांना ह्यातून वर्गापुरता एक पाठ सहज घेता येईल. गुणोत्तर शिकविताना आपण अंशाविषयी पुष्कळ बोलतो, छेद मात्र दिलेला आहे असे गृहीत धरतो. दरडोई उत्पन्न, दर एकरी पीक, शेकडा निकाल, ह्या सर्वांत छेद कोणी तरी निवडलेला असतो. आणि तो बदलला की निष्कर्षही बदलतो. मधुमेही उंदराच्या मूत्रपिंडाचे उदाहरण ह्यासाठी मोलाचे आहे की, त्यात अंश आणि छेद दोन्ही एकाच देहातले असून रोग दोहोंना एकाच वेळी हलवितो. म्हणून एखादी राशी वाढली असे सांगण्यात आले, तर विद्यार्थ्याने प्रथम विचारावे : भागले कशाने? आणि उत्तर मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न करावा : तो भाजक स्वतः स्थिर होता काय? हे दोन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला जडली, त्याला शास्त्राची अर्धी दीक्षा मिळाली असे आम्ही समजतो.